सांधा आणि शिरोभूषण

एकदा तोंडातून गेलेले चुकीचे उत्तर परत घेणे किती जड जाते, हे शिक्षकालाच ठाऊक. विशेषतः त्या उत्तरावर वर्ग हसलेला असेल, तर फारच.

आमच्या शाळेतील एका जुन्या छायाचित्राला चौकट घालावयाची होती. त्यासाठी वसईकडचे एक ख्रिस्ती मेस्त्री आले आणि करवत, रंधा, गुण्या असा सरंजाम मांडून व्हरांड्यात बसले. मधली सुट्टी होती. मुलांचे कोंडाळे जमले. मेस्त्रींनी सागाच्या चार पट्ट्यांची आठही टोके तिरकी कापली. दोन पट्ट्या जुळविताच त्यांचा नेमका काटकोन झाला.

“याला मायटर म्हणतात, गुरुजी,” मेस्त्री म्हणाले आणि हसून पुढे बोलले, “आमच्या बिशपांच्या डोक्यावर असतो ना, तोही मायटरच!”

“गुरुजी, मग आधी टोपी की आधी सांधा?” एका मुलाने विचारले.

“अरे, सांधाच आधी! सुतार पहिल्यापासून आहेत, बिशप मागून आले,” मी ठोकून दिले. मुले हसली, घंटा झाली. स्वतःच्या हजरजबाबीपणावर मीही खूष झालो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर बोटात शिरलेल्या कुसळासारखे सलू लागले. पुस्तके काढून बसलो, तेव्हा आपण किती चुकलो ते कळले.

मूळ शब्द ग्रीक आहे, ‘मित्रा’. आणि आरंभी तो ना डोक्यावर होता, ना लाकडात. होमरच्या ‘इलियड’मध्ये मेनेलाउसला बाण लागतो. तो कमरपट्टा व चिलखत भेदून जातो. पण त्यांच्या आत पोटाशी बांधलेली, धातुकारांनी घडविलेली ‘मित्रा’ त्याचा जोर मोडते आणि मेनेलाउस वाचतो. म्हणजे आरंभी ही कमरेची वस्तू. पुढे ती डोक्याला बांधावयाची पट्टी झाली. बाबिलोनचे लोक आपले लांब केस मित्राने बांधतात, असे हेरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. संस्कृतातील ‘मित्र’ आणि हा ग्रीक शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या एकाच धातूची लेकरे आहेत, असे काही भाषापंडित मानतात; सर्वांना ते मान्य नाही.

रोमन लोकांना मात्र हे शिरोवस्त्र पौर्वात्य आणि बायकी वाटे. व्हर्जिलच्या महाकाव्यात इनियसचा प्रतिस्पर्धी त्याला हिणवतो, तो हनुवटीखाली बांधलेल्या याच मित्रावरून. शब्दांचे दैव पाहा! ज्या वस्तूवरून रोमन कवीच्या काव्यात नायकाची टवाळी झाली, तीच पुढे रोमच्या धर्मपीठाचे भूषण ठरली. १०४९ साली पोप नववे लिओ यांनी ट्रियरचे आर्चबिशप एबरहार्ड यांना रोमन मायटर धारण करण्याचा मान दिला. आधी ही साधी निमुळती टोपी होती. बाराव्या शतकात ती मध्ये दबली आणि तिला दोन शिंगे फुटली. प्रथम ती डाव्या-उजव्या बाजूंना होती. पुढे टोपीच फिरविली गेली आणि शिंगे पुढे व मागे आली. मागच्या बाजूला दोन पट्ट्या लोंबतात, त्या या शिरोभूषणाच्या जुन्या बांधणीची आठवण करून देतात. समोरून पाहावे, तर दोन तिरक्या कडा वर चढत जाऊन एका टोकाला मिळतात.

हा आकार इतका ओळखीचा झाला, की १५४३ साली व्हेसालियसने मानवी शरीररचनेवरील आपल्या ग्रंथात हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या झडपेला बिशपच्या मायटरची उपमा दिली. डॉक्टर आजही तिला ‘मायट्रल’ झडप म्हणतात. सुताराच्या सांध्यालाही हे नाव बहुधा असेच, तिरक्या कडांच्या मिलनावरून पडले असावे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांच्या कामांवर पुस्तक लिहिले. त्यात पंचेचाळीस अंशांची रेघ आखणारा मायटरचा गुण्या आला आहे.

तेव्हा हिशेब असा : सांधा फार जुना, प्राचीन इजिप्तचे सुतारही तो करीत, पण त्याचे हे नाव नवे. वस्तूचे वय एक आणि शब्दाचे वय दुसरे. या दोहोंची मी गल्लत केली होती. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? डोक्यावरची ‘पगडी’ मुंबईत भाड्याच्या खोलीसाठी मोजावयाची रक्कम झाली. म्हणून काही खोलीचे भाडे पगडीइतके जुने ठरत नाही.

या सांध्याचे गुणदोष मला मेस्त्रींनीच समजावून दिले. बाहेरून लाकडाचे कापलेले टोक कोठेही दिसत नाही. दोन्ही पट्ट्या सारख्याच मानाने भेटतात, एक दुसरीवर चढत नाही. पण चूक मात्र हा सांधा पोटात घालीत नाही. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला, तर आठ कापांत चार अंश होतात, आणि शेवटच्या कोपऱ्यात फट आ वासून उभी राहते. शिवाय कापलेले टोक सरस पिऊन टाकते, म्हणून नुसत्या सरसावर सांधा टिकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगले, की तो बाहेरच्या कोपऱ्याकडून उकलू पाहतो; उन्हाळ्यात आकसले, की आतून. त्यासाठी कोपऱ्यात खाच पाडून लाकडाची पातळ चीप बसवावी लागते.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी सांगितले, “काल मी तुम्हाला चुकीचे सांगितले.” या खेपेस कोणी हसले नाही. हा सगळा इतिहास फळ्यावर लिहिता लिहिता तास संपला. ज्याने प्रश्न विचारला होता, तो मुलगा उठून म्हणाला, “म्हणजे गुरुजी, टोपी आधी नाही नि सांधाही आधी नाही. कमरपट्टा आधी!”

ते छायाचित्र आता वर्गाच्या भिंतीवर आहे. पहिल्याच पावसाळ्यात चौकटीचा एक कोपरा किंचित उकलला. मेस्त्रींना पुन्हा बोलावले. त्यांनी खाच पाडली, चीप ठोकली आणि वरून रंधा फिरवून म्हणाले, “चीप तेव्हाच घालायला हवी होती, गुरुजी. घाई केली, चूक माझी.”

इतक्या सहज मला ते म्हणता आले नव्हते.