दोन बुशेल गहू आणि राज्यशास्त्राचा वर्ग

इ. स. 1836 च्या मार्च महिन्यात, 4 तारखेस, मुंबई शहरी एका अमेरिकन प्रवाशाचा अंत झाला. वय अवघे 36. बोस्टनच्या सधन गिरणीवाल्या घराण्यातील हा जॉन लोवेल (धाकटा) पत्नी व दोन्ही मुली अल्पावधीत दगावल्यावर देशाटनास निघाला होता. वाटेत इजिप्तमधील लक्सर येथे आजारी पडला असता त्याने आपल्या मृत्युपत्रात भर घातली : संपत्तीचा अर्धा वाटा बोस्टनच्या सामान्य नागरिकांसाठी व्याख्याने चालविण्याकडे जावा, व्याख्याने विनामूल्य असावीत, आणि ज्यांना एखादा विषय अधिक खोलात शिकावयाचा असेल त्यांच्याकडून दोन बुशेल गव्हाच्या किमतीपेक्षा जास्त फी घेऊ नये. दोन बुशेल म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 54 किलो. एवढे लिहून ठेवून तो मुंबईस आला आणि येथेच संपला.

त्याच्या पैशातून 'लोवेल इन्स्टिट्यूट' उभी राहिली. तिचा विश्वस्त शक्य तो लोवेल नावाचाच असावा अशी मृत्युपत्रात अट होती. त्या अटीप्रमाणे 1900 साली हे काम ज्याच्याकडे आले, तो अॅबट लॉरेन्स लोवेल हा या लेखाचा नायक. वाचकांस त्याचा थोरला भाऊ अधिक परिचित असेल. मंगळावर कालवे आहेत असे आयुष्यभर सांगत राहिलेला ज्योतिर्विद पर्सिव्हल लोवेल तो हाच. धाकटी बहीण एमी कवयित्री होती. दोन प्रतिभावंतांच्या मधला हा भाऊ मात्र सतरा वर्षे वकिली करीत बसला होता, आणि ती वकिली फारशी बहरली नव्हती.

1896 साली त्याने युरोप खंडातील राज्यपद्धती व पक्ष यांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड महाविद्यालयाने त्याला व्याख्याता म्हणून बोलावले. 1900 साली तो प्राध्यापक झाला. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या एका पुस्तकात वसाहतींच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण हा विषय होता, आणि त्यात हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयाचा एका सहलेखकाने लिहिलेला वृत्तान्त जोडलेला होता. आपल्या मुलुखात कलेक्टर म्हणून येणारे कंपनीचे साहेब ज्या शाळेत घडत, ती ही शाळा. राज्य कसे चालते हे शिकविता येते का, आणि येत असल्यास कसे, हा प्रश्न या माणसाच्या मनात तेव्हापासूनच घोळत असावा असे मला वाटते.

त्याच्याकडे आलेला वर्ग म्हणजे 'गव्हर्न्मेंट वन'. राज्यशास्त्राचा हा पहिला, प्राथमिक वर्ग. इंग्लंड, युरोपातील देश आणि अमेरिका यांचा राज्यकारभार तुलनेने समजावून द्यावयाचा. विद्यार्थी शेकड्यांनी, कॉलेजातील सर्वांत मोठ्या वर्गांपैकी तो एक. त्या काळी अध्यक्ष एलियट यांच्या धोरणामुळे विद्यार्थ्याने काय शिकावे यावर जवळजवळ कोणतेच बंधन उरले नव्हते. ज्याने त्याने आपल्या आवडीचे विषय निवडावेत. परिणाम व्हायचा तोच झाला. पुष्कळ मुले सोपे विषय आणि सोयीच्या वेळा हेरून वर्ग निवडू लागली. परीक्षा जवळ आली की ती नोलन नावाच्या, विद्यार्थ्यांत 'विडो' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या गृहस्थाच्या खासगी शिकवणीला पैसे मोजून जात आणि त्याच्या टिपणांवर निभावून नेत. गाईड आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' ही आपल्याकडचीच पैदास आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात (नाव घेण्याचे कारण नाही) बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकविले. पहिल्या वर्षाचा वर्ग दीडशेचा, आणि तो नेहमी नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाच्या गळ्यात पडे. ज्येष्ठ प्राध्यापक एम. ए.च्या आठ विद्यार्थ्यांत रमत. मीही ज्येष्ठ झाल्यावर तेच केले. म्हणूनच लोवेलचा पहिला आग्रह मला विशेष बोचतो. विभागातील सर्वांत जाणत्या माणसानेच नवख्यांच्या मोठ्या वर्गापुढे उभे राहिले पाहिजे, असे त्याचे ठाम मत होते. विषयाची गोडी लागायची की विटायचे, हे त्या पहिल्या वर्षीच ठरते. नामवंत ग्रंथकार असूनही तो वर्ग त्याने स्वतःच घेतला.

केवळ व्याख्यानाने भागत नाही हेही तो जाणून होता. आठवड्यातून दोन व्याख्याने सर्वांसाठी एकत्र, आणि तिसरा तास लहान लहान तुकड्यांत. तेथे साहाय्यक अध्यापक त्या आठवड्याच्या वाचनावर मुलांना लेखी प्रश्न घालीत आणि उरलेल्या वेळात चर्चा घेत. वाचन साठवून ठेवून शेवटच्या पंधरवड्यात उरकण्याची वाट त्यामुळे अडली. मोठ्या सभागृहात लपून बसलेला विद्यार्थी आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या तरी दृष्टीस पडे. सगळी युक्ती एवढीच होती; पण ती चालविण्यास साहाय्यक लागतात, पैसा लागतो, आणि दर आठवड्याला शेकडो उत्तरे तपासण्याचे सोसावे लागते.

वर्गासाठी जागाही हवी. 1902 साली हार्वर्डमध्ये मोठ्या वर्गांसाठी 'न्यू लेक्चर हॉल' बांधला गेला. देणगीदाराने नाव गुप्त ठेवले होते. तो देणगीदार लोवेलच होता. आज ती वास्तू त्याच्याच नावाने ओळखली जाते.

याच सुमारास, 1902-03 मध्ये, डीन ब्रिग्ज यांच्या अध्यक्षतेखाली अध्यापनाची चौकशी करणारी समिती नेमली गेली, आणि लोवेल तिचा सभासद होता. समितीने विद्यार्थ्यांनाच पत्रके पाठवून विचारले : वर्गाबाहेर तुम्ही किती तास अभ्यास करता? उत्तरे आली ती लाजिरवाणी वाटावीत इतकी कमी तासांची. विशेष असे की अध्यापकांचा समज याहून फार वेगळा होता. आपली मुले पुष्कळ अभ्यास करतात असे ते धरून चालले होते. विद्यार्थ्यांना न विचारता त्यांच्याविषयी मत बनविण्याची ही सवय आपल्या अध्यापकवर्गासही परकी नाही.

1909 साली लोवेल विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. मैदानावर जीव तोडून धावणारा मुलगा पुस्तकापुढे का पेंगतो, हा प्रश्न त्याने त्या वर्षी जाहीरपणे मांडला. त्याचे उत्तर असे, की मैदानावर चढाओढ असते, मान असतो, आणि विद्वत्तेला मात्र तरुणांच्या जगात कवडीचीही किंमत नसते. पुढे इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांत सर्वंकष अंतिम परीक्षा आणि वैयक्तिक मार्गदर्शक यांची पद्धत प्रथम सुरू झाली, ती या विचारातूनच. याच 1909 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेपुढे त्याने सांगितले की राज्यसंस्थांची खरी प्रयोगशाळा ग्रंथालयात नसून बाहेरच्या सार्वजनिक जीवनात आहे. त्याने स्वतः ब्रिटिश पार्लमेंटमधील मतदानाची मोजणी करून एकोणिसाव्या शतकात पक्षशिस्त कशी घट्ट होत गेली ते आकड्यांनी दाखविले होते. तेव्हा हे बोलण्याचा अधिकार त्याला होता. आणि 1910 मध्ये, मुंबईत निवर्तलेल्या आपल्या घराण्यातील आप्ताची इच्छा स्मरून, त्याने नोकरीपेशाच्या स्त्री-पुरुषांसाठी विद्यापीठाचे बहिःशाल वर्ग उघडले. फी ठरविताना दोन बुशेल गव्हाचा तो जुना दाखला विसरला गेला नाही.

येथे लेख संपविता आला असता. पण इतिहास लिहावयाचा तर पुढचेही लिहिले पाहिजे.

पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी, श्रीमंत असोत वा गरीब, एकत्र राहावे म्हणून लोवेलने खास वसतिगृहे बांधविली. मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांत प्रवेश नाकारला. 1922 साली हा प्रकार उघडकीस येऊन मोठा वाद झाला. त्याच वर्षी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्तावही त्याने मांडला होता. मोठ्या वर्गातील प्रत्येक मुलगा अभ्यासाला कसा लागेल याची चिंता वाहणाऱ्या माणसाने त्या वर्गात आणि त्या घरात कोण बसेल याची गाळणी हाती घ्यावी, हे कोडे मला उलगडलेले नाही. त्याच्या गुणांच्या ताजव्यात ते घालून हिशेब जमवावा असेही वाटत नाही.

आम्हा बडोदेकरांना या संदर्भात दुसरे एक वसतिगृह आठवते. 1913 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र व इतिहासाबरोबर राज्यशास्त्राचेही वर्ग त्यांनी तेथे केले, आणि विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये इतर विद्यार्थ्यांसमवेत ते राहिले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्यास परत आले, तेव्हा याच आमच्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ज्या कमाठी बागेत ते त्या दिवशी जाऊन बसले होते, तेथे आमच्यापैकी अनेकजण आजही सकाळी फिरावयास जातात.

हार्वर्डमध्ये 1923 साली नियामक मंडळाने लोवेलचा निर्णय फिरविला. वर्णाच्या कारणावरून कोणासही वसतिगृहातून वगळू नये असे ठरले. पण त्याच ठरावात, गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांवर एकत्र राहण्या-जेवण्याची सक्ती करू नये, असेही एक वाक्य घातलेले होते. लोवेल त्यानंतर आणखी दहा वर्षे, 1933 पर्यंत, अध्यक्षपदी राहिला.