पुन्हा पहिल्या घरापासून

बिलोलीहून बोधनकडे जाताना मांजरा ओलांडली की एका खेळाचे नाव बदलते. अलीकडच्या घरांतली सापशिडी पलीकडच्या तेलुगू घरांत वैकुंठपाळी होते. तेलुगू नावाने जुने वळण जपले आहे. पटाच्या माथ्यावर वैकुंठ असते आणि तेथवर पोचायचे ते पाप-पुण्याच्या घरांतून. आपल्याकडेही याला मोक्षपट म्हणत. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. या पटाची आठवण आम्ही काढतो आहोत ती मात्र एका जपानी व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. वरच्या वर्गातल्या काही मुलांना 'डार्क सोल्स' हे नाव ठाऊक असेल. शिक्षकांसाठी थोडी ओळख करून देतो.

टोकियोच्या 'फ्रॉमसॉफ्टवेअर' या कंपनीने २००९ साली 'डेमन्स सोल्स' हा खेळ काढला. दिग्दर्शक होते हिदेताका मियाझाकी. पडके किल्ले, राक्षस, मावळत चाललेले जग, आणि खेळणारा जागोजागी मरणार हे गृहीतच. सोनीच्या वरिष्ठांना तो पसंत पडला नाही, म्हणून अमेरिका व युरोपात तो दुसऱ्या कंपन्यांनी प्रकाशित केला. पुढे 'डार्क सोल्स'चे तीन भाग २०११, २०१४ आणि २०१६ साली आले. यातले मरण विचारपूर्वक रचलेले आहे. मेलात की मागच्या शेकोटीपाशी परत जायचे. मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा उभे राहतात. कमावलेली पुंजी मेलेल्या जागीच पडून राहते. तिथवर पुन्हा पोचलात तर ती मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली.

सापाने गिळले की खाली यायचे, तसेच हे. पण फरक मोठा आहे. सापशिडीत खेळणाऱ्याच्या हाती काहीच नसते, सारा कारभार कवड्यांचा किंवा फाशाचा. दहा वर्षे खेळलेला आणि आज प्रथमच बसलेला यांना जिंकण्याची संधी सारखीच. म्हणूनच गणितज्ञांना हा पट फार सोयीचा वाटतो. पुढे काय होणार हे आपण आत्ता कोणत्या घरात आहोत एवढ्यावरच ठरते, तिथे कसे आलो यावर नाही. १९९३ साली अल्थोन, किंग आणि शिलिंग यांनी 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये १०० घरांच्या एका अमेरिकी पटाचा हिशेब मांडला. पट संपायला एका खेळाडूला सरासरी सुमारे ३९ फेऱ्या लागतात. त्याच लेखातली एक गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे. या पटावर २९ वरून २७ वर नेणारा एक साप वाढवला, तर डाव लांबण्याऐवजी सरासरीने आखूड होतो! कारण २८ व्या घरात थेट ८४ वर नेणारी शिडी आहे आणि सापामुळे ती पकडण्याची आणखी एक संधी मिळते.

डार्क सोल्समध्ये उलट आहे. घर तेच, शत्रू तेच, पण परतलेला खेळाडू तोच नसतो. शत्रू तलवार कधी उगारतो, कुठे चुकतो, हे त्याला आता माहीत असते. एकात हरणे हा योग, दुसऱ्यात हरणे ही माहिती. नापास करावे की न करावे या वादात (२००९चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याची २०१९ची दुरुस्ती आठवा) हा भेद क्वचितच कोणी बोलून दाखवतो, असे आम्हांला वाटते.

आता या मालिकेच्या भवितव्याकडे वळू. २०१६ नंतर डार्क सोल्सचा चौथा भाग आलेला नाही. पण तीच रीत 'सेकिरो' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) यांत पुढे चालली. एल्डन रिंगमध्ये एखादी लढाई झेपली नाही तर दुसरीकडे भटकून, बळ वाढवून परत येता येते. रीत थोडी मऊ झाली आणि खेळणारे अफाट वाढले. इतर कंपन्यांनीही ती उचलली. आपल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' हा असुरांशी लढणाऱ्या मुलीचा खेळ काढला. त्याची धाटणी वेगळी आहे, पण त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या विभागात तो आणि सोल्सच्या वळणाचा 'मॉर्टल शेल' शेजारी शेजारी नामांकित होते. लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा त्याचा प्रयत्न आधी फसला होता, हेही नमूद करावे.

मोक्षपटाचेही असेच झाले. १८९२ साली लंडनमध्ये तो मुलांचा खेळ म्हणून विक्रीस आला, १९४३ साली अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. मोक्ष गेला, पट राहिला. त्याच्या उगमाबद्दल मात्र सावध असावे. ज्ञानेश्वरांनी तो रचला असे सर्रास सांगितले जाते, पण आज हाती असलेले पट बहुतेक अठराव्या शतकातले किंवा नंतरचे आहेत. जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या अशा पटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. तो शक्य झाला, कारण कागदावरचे आणि कापडावरचे पट टिकले होते.

खरी चिंता इथेच आहे. सोल्स मालिकेत खेळणारे एकमेकांसाठी जमिनीवर निरोप लिहून ठेवतात: पुढे सापळा आहे, डावीकडे वळा. हे निरोप कंपनीच्या संगणकांवर राहतात. 'डेमन्स सोल्स'चे मूळ सर्व्हर २०१८ साली बंद झाले. नऊच वर्षांत हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेले इशारे नाहीसे झाले. २०२०च्या नव्या आवृत्तीने किल्ले परत उभे केले, ते जुने निरोप काही परतले नाहीत. दोनशे वर्षांचा पट पोथ्यांच्या गाठोड्यात सापडतो. या खेळाचा हा भाग कोणत्या गाठोड्यात शोधायचा?

सर्व्हर वाचवणे आपल्या हाती नाही. गाठोडी आहेत. बिलोली, कुंडलवाडी, देगलूर या भागातल्या जुन्या घरांत विद्यार्थ्यांनी चौकशी करावी. पट मिळाला तर घडी जोराने उलगडू नये. छायाचित्र घ्यावे, घरे मोजावीत, लिपी मोडी, बाळबोध की तेलुगू ते लिहावे, आणि प्रत्येक साप कोणत्या घरातून कोणत्या घरात उतरतो याची यादी करावी. मांजरेच्या दोन्ही काठचे पट शेजारी ठेवता आले, तर कोणत्या दुर्गुणाला किती लांबीचा साप दिला होता, हे तरी ताडून पाहता येईल.