उमेदवारी

निवडणुकीचे दिवस आले की 'उमेदवार' हा शब्द भिंतीभिंतीवर दिसू लागतो. हात जोडलेला, हसरा, गळ्यात हार घातलेला. परंतु आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द अगदी निराळ्या माणसासाठी येत असे. 'तो अमक्या वकिलाकडे उमेदवारी करतो,' असे ते म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पगाराविना, किंवा नावापुरत्या पगारावर, कोणाच्या तरी हाताखाली राबणारा एखादा पोरगा असे. फारसीतली 'उमेद' म्हणजे आशा. आज ना उद्या आपल्याला काम येईल, मग जागा मिळेल, या आशेवर जगणारा तो उमेदवार. इंग्रजीतल्या 'अप्रेंटिस'ला मराठीने दिलेला हा शब्द मला मूळ शब्दाहून सरस वाटतो, कारण त्यात आशाही आहे आणि त्या आशेची किंमतही आहे.

हे सारे आठवण्याचे कारण घडले ते गेल्या वर्षी. दहावीच्या निकालानंतर एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा अभ्यासात बेताचा, पण हातात मोबाईल दिला की त्यावर लहान लहान चित्रपट जोडून दाखवणारा. बाई म्हणाल्या, "सर, याला सिनेमात जायचंय म्हणतो. त्याची कोणती परीक्षा असते?" मी मास्तर असूनही परीक्षेचे नाव चटकन् तोंडात येईना. कारण माझ्या मनात त्या वेळी परीक्षा नव्हतीच. मनात होती अजिंठ्याची लेणी, आणि त्याहून अधिक कोल्हापूर.

अजिंठा आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. दर हिवाळ्यात मी मुलांची सहल तिकडे नेतो. मुले पद्मपाणी पाहतात, हत्ती पाहतात, माकडांना शेंगदाणे टाकतात. मी मात्र त्यांना हटकून चोविसाव्या लेण्यात नेतो. ते अर्धवट राहिलेले लेणे आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, हे काम जोरात चालले होते आणि मग थांबले. तेथे दगडावर छिन्नीचे जाडेभरडे घाव अजून दिसतात, खांब नीट घडलेले नाहीत. मी मुलांना सांगतो, की बाबांनो, हे घाव एखाद्या तुमच्याएवढ्या पोराचे असतील. उस्तादाने त्याला म्हटले असेल, 'तू नुसता दगड काढ, फूल मी कोरतो.' ही माझी कल्पना आहे, शिलालेख नव्हे. परंतु जगात कुठलीही लेणी एकट्या उस्तादांनी कोरलेली नाहीत.

त्याच डोंगरात चौदा शतकांनी दुसरी उमेदवारी चालली, आणि तिचा मात्र कागदोपत्री पुरावा आहे. 1844 मध्ये रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीने चित्रांच्या नकला करण्यासाठी येथे पाठवला. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येऊ लागले. ऋतू हिवाळ्याचा, मुलूख निजामाचा, आणि लेण्यांत उजेड जेमतेम. हे काम अधूनमधून 1885 पर्यंत चालले. या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते. शाळेच्या वर्गात प्लास्टरचे ग्रीक पुतळे काढून हात बसवलेली ही मुले. येथे त्यांना पहिल्यांदा आपल्याच देशातल्या चित्रकाराची रेघ गिरवायला मिळाली. नाक कसे एका फटकाऱ्यात उतरते, बोटे कशी बोलतात, हे गिरवता गिरवता कळत गेले असेल. पेस्तनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. त्यांचे 1882 सालचे पोपटाला दाणा भरवणाऱ्या बाईचे चित्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

आणि त्या नकलांचे काय झाले? त्याही लंडनला गेल्या. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतल्या कितीतरी जळाल्या. एकाच डोंगराच्या नकला दोनदा जळाव्यात, हा योग विलक्षणच म्हणायचा. ग्रिफिथ्सचे दोन खंडांचे जाडजूड पुस्तक 1896-97 मध्ये निघाले. मुखपृष्ठावर नाव अर्थातच गुरूचे. त्याबद्दल ग्रिफिथ्सला दोष देण्याचे कारण नाही, तो काळाचा रिवाज होता. पण उमेदवाराचे काम गुरूच्या नावावर जमा होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

1909 ते 1911 या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असित हलदार ही तरुण मंडळी आली आणि हैदराबादहून सय्यद अहमद आले. नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे आचार्य झाले आणि आपल्या राज्यघटनेच्या हस्तलिखिताची सजावट त्यांच्या देखरेखीखाली झाली. सय्यद अहमद मात्र अजिंठ्यालाच राहिले. ज्या भिंती गिरवल्या त्यांचेच ते पुढे रक्षक झाले. मला या दोघांत सय्यद अहमद अधिक जवळचे वाटतात, का ते सांगता येत नाही. कदाचित गावच्या माणसाचा पक्षपात असेल.

आता कोल्हापूर. तेथे बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पडदा म्हणजे राजवाडा, जंगल, कैलास; सगळे कापडावर, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला खरे वाटेल असे. या कामावरून दोघांना 'पेंटर' हे आडनाव चिकटले. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे या पडद्यांवर रंग लावायला आले, तेथूनच त्यांची उमेदवारी सुरू झाली. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि पेंटर बंधूंना हलत्या पडद्याचे वेड लागले. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी वेड सोडले नाही. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी आणि दामल्यांनी मिळून कॅमेरा घरीच घडवला. लेथवर दाते कापून, पुन्हा पुन्हा जमवून. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात फार पुसट छापली जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले.

या कंपनीत 1920 मध्येच एक एकोणीस वर्षांचा पोरगा दाखल झाला. गंधर्व नाटक मंडळीत बालपणी काही दिवस काढलेला, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात हातोडा चालवलेला, तिथल्याच एका पत्र्याच्या सिनेमागृहात पडेल ते काम केलेला. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर कंपनीत होते, त्यांनी त्याला आणले. (वशिला तेव्हाही होता, पण वशिल्याने दार उघडे, पुढचे झाडू स्वतःच मारायचा असे.) झाडलोट, पडद्याला टेकू, रंग कालवणे, फिल्म धुणे आणि माणूस कमी पडला तर तोंडाला रंग लावून उभे राहणे. तेथे खाते नावाची वस्तू नव्हती, त्यामुळे सगळीच खाती त्याच्या वाट्याला आली. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून शहराच्या वाटेला लागणारा तरुण शेतकरी म्हणजे हाच शांताराम. 1927 मध्ये 'नेताजी पालकर'चे दिग्दर्शन त्याच्याकडे आले. म्हणजे सात वर्षांची उमेदवारी. आपल्याकडे वैद्यकीचे शिक्षणही त्याहून फार लांब नसते.

बाबूराव बोलत कमी. समजावून सांगणारे गुरू ते नव्हतेच. शिष्याने पाहावे, करावे, चुकावे. या पद्धतीत अर्धी माणसे गळतात, आणि गळालेल्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. आपण शांतारामांचे उदाहरण देतो, तेव्हा त्याच अंगणात रंग कालवून घरी परत गेलेल्या पोरांचा हिशेब कोण देणार? मास्तर म्हणून मला हा प्रश्न फार टोचतो.

1929 च्या 1 जूनला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांचे भांडवल घेऊन 'प्रभात' काढली. चौघेही बाबूरावांच्या तालमीतले. गुरूचे उजवे-डावे दोन्ही हात एकाच दिवशी गेले म्हणायचे. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. शिष्यांना मात्र यश आले : 1932 चा 'अयोध्येचा राजा', 1933 मध्ये पुण्याला स्थलांतर, 1936 चा 'संत तुकाराम', जो पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो दिग्दर्शित केला दामले-फत्तेलालांनी. म्हणजे पडद्यावर रंग लावणाऱ्या दोन उमेदवारांनी. प्रभातमध्ये लोक त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. त्यांच्या आवारात मग नव्या उमेदवारांची रीघ लागली. अनंत माने तेथेच संकलन शिकले आणि पुढे त्यांनी 1959 मध्ये 'सांगत्ये ऐका' दिला. 1944 मध्ये गुरुदत्त तेथे नोकरीला लागला, आणि त्याच आवारात त्याची देव आनंदशी मैत्री जुळली.

1953 मध्ये प्रभात बंद पडली. 1960 मध्ये केंद्र सरकारने त्याच जागेत चित्रपटविद्येची संस्था सुरू केली. जेथे पोरे झाडू हातात घेऊन शिरली, तेथे आता प्रवेशपरीक्षा देऊन शिरायचे. पाठोपाठ 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्याने कारखान्यांतल्या उमेदवाराला करार दिला, विद्यावेतन दिले. मला दोन्ही गोष्टी चांगल्याच वाटतात. फुकट राबवून घेण्याला 'गुरुकुल' म्हणण्याची सोय त्यामुळे थोडी कमी झाली.

मी स्वतः मॅट्रिक झाल्यावर एका लहान छापखान्यात खिळे जुळवायला जात असे. मालक आठ महिने पैसे देतो देतो म्हणत राहिले, आणि मग छापखानाच विकून मोकळे झाले. पण उलटे अक्षर सरळ वाचायला मी तेथे शिकलो, आणि माझ्या पहिल्या कादंबरीची मुद्रिते तपासताना ती विद्या उपयोगी पडली. तरी त्या आठ महिन्यांचे पैसे मिळाले असते तर विद्या काही कमी झाली नसती.

म्हणून त्या बाईंना मी दोन्ही सांगितले. पुण्याच्या संस्थेचे नाव लिहून दिले. पण तेथे जायला आधी पदवी लागते, तोवर बारावी आणि पुढचे सोडू नका म्हटले. आणि मुलाला म्हटले, सुट्टीत एखाद्याच्या हाताखाली राहा, मात्र पैसे किती आणि कधी, हे पहिल्याच दिवशी विचार. तो आता लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्या एका दुकानात सुट्टीचे दिवस काढतो. परवा दिवाळीची खरेदी करताना भेटला.

"सर, शिकवत काही नाहीत. नुसत्या वायरी गुंडाळायला लावतात."

"पैसे?"

"देतात. विचारले होते पहिल्या दिवशी." मग जरा थांबून म्हणाला, "पण सर, ते शांताराम बाबूरावांना सोडून गेले, त्यानंतर दोघे कधी भेटलेच नाहीत का?"

मी त्याला सांगितले, की 1947 मध्ये शांतारामांच्या राजकमल कलामंदिराने 'लोकशाहीर रामजोशी' काढला, आणि त्याच्या दिग्दर्शनात शांतारामांबरोबर बाबूराव पेंटर हे नाव आहे. पोराने ते ऐकले, आकाशकंदिलाच्या दुकानाकडे पाहिले, आणि वायरीचे एक भेंडोळे खांद्यावर नीट सरकवून घेत म्हणाला, "जातो सर, संध्याकाळचं लग्न आहे."