प्रवाळांच्या रोपवाटिकेची कुळकथा

फांदीदार प्रवाळ तुटूनही वाढतो. वादळात मोडलेली फांदी समुद्रतळावर घट्ट टेकली, की तिथे नवी वसाहत धरते. उसाचे बेणे लावावे, तशी ही लागवड निसर्गच करत आला आहे. प्रवाळ पुनर्लागवडीच्या तंत्राने प्रवाळाची हीच सवय हाती धरली.

तसे करण्याची वेळ कॅरिबियन समुद्रातल्या पडझडीने आणली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न या मुख्य फांदीदार जातींना पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने झपाट्याने संपवले. पाठोपाठ १९८३-८४मध्ये शेवाळ खाणारे काळे समुद्री साळू एका साथीत मेले, खडक शेवाळाने झाकले गेले आणि प्रवाळाच्या नव्या पिढीला बूड टेकायला जागा उरली नाही.

इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ बारूख रिंकेविच यांनी १९९५मध्ये वनीकरणाच्या धर्तीवर दोन टप्प्यांची पद्धत मांडली : तुकडे आधी रोपवाटिकेत वाढवायचे, मगच खडकावर लावायचे. पुढे या रोपवाटिका तळापासून उंच, पाण्यात तरंगत्या ठेवल्या जाऊ लागल्या. तिथे गाळ कमी बसतो आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी सहसा पोहोचत नाहीत.

फ्लोरिडातली सुरुवात मात्र प्रयोगशाळेबाहेर झाली. केन नेडिमायर हे शोभेचे मासे पकडणारे व्यावसायिक. मत्स्यालयांना लागणारे खडक ते भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर वाढवत. १९९०च्या दशकात त्या खडकांवर स्टॅगहॉर्नची पिल्ले आपसूक रुजली. समुद्रातल्या नैसर्गिक प्रवाळाला हात लावायला कायद्याने बंदी होती, पण हे प्रवाळ त्यांच्याच खडकांवरचे होते. मुलीच्या प्रकल्पासाठी त्यांनी त्याचे तुकडे वाढवायला घेतले आणि २००७मध्ये त्यातून ‘कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन’ ही संस्था निघाली. पीव्हीसी नळीच्या ‘झाडाला’ तुकडे दोरीने टांगायची आज जगभर दिसणारी रीतही त्यांचीच.

बेलीझमध्ये २००१च्या आयरिस चक्रीवादळानंतर सागरी जीवशास्त्रज्ञ लिसा कार्न यांनी लाफिंग बर्ड के या बेटाजवळ पुनर्लागवडीचा ध्यास घेतला. पहिले तुकडे २००६मध्ये लागले. या कामाचे खरे बळ प्लासेन्सिया गावात आहे. मासेमार आणि पर्यटकांचे वाटाडे प्रशिक्षण घेऊन मोबदल्यावर लागवड करतात, देखरेखही करतात. ज्यांचे पोट प्रवाळावर अवलंबून आहे त्यांच्या हाती काम गेले, म्हणूनच ते टिकले.

तंत्राची मर्यादा त्याच्या मुळातच आहे. एका वसाहतीचे सगळे तुकडे जनुकीयदृष्ट्या एकच, त्यामुळे जी उष्णता किंवा जो रोग एकाला मारतो तो साऱ्यांना मारू शकतो. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचे पाणी इतके तापले की रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत न्यावे लागले. खडकांवरच्या स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न या दोन जाती तिथे जवळजवळ नामशेष झाल्या. त्यामुळे आता तुकड्यांबरोबर संकराकडेही लक्ष वळले आहे. होंडुरासच्या तेला उपसागरातल्या, उष्ण पाण्यात तगलेल्या एल्कहॉर्नशी फ्लोरिडाच्या एल्कहॉर्नचा संकर करून तयार केलेली पिल्ले २०२५मध्ये मायामीजवळच्या खडकांवर लावण्यात आली.