रोग्याची नोंद आणि विम्याचा हिशेब

विमा हा अज्ञानाच्या पायावर उभारलेला धंदा आहे, असें म्हटलें तर वाचकांस तें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु शंभर कुटुंबांपैकीं आजार यंदा कोणाच्या घरीं शिरणार हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणूनच शंभरही कुटुंबें वर्गणी भरतात व ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याचा भार सर्वजण वांटून घेतात. समूह कळावा, पण व्यक्ति पुरती कळूं नये, यांतच या व्यवस्थेचें मर्म आहे.

अर्थात् समूह मोजणारेही नेहमीं निःपक्षपाती होते असें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपीय आयुर्विमा कंपन्या हिंदी माणसाचें आयुष्य अधिक धोक्याचें ठरवून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० सालीं निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेनें त्यास सर्वसाधारण दरानें विमा देऊन हा भेद नाकारला.

आमच्या खानदेशास नोंदीचा प्रताप कळला तो राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या वेळीं. १९०६ सालीं सरकारनें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. जळगांव एकीकडे गेलें, धुळें दुसरीकडे. कागदावरच्या त्या रेषेचा पुढें रोग्याच्या प्राणाशीं संबंध येईल असें तेव्हां कोणास वाटलें असेल? २ जुलै २०१२ रोजीं ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळें होतें, जळगांव नव्हतें. जळगांवची पाळी २१ नोव्हेंबर २०१३ रोजीं आली. मधले सोळा महिने एकाच रोगाचे व सारख्याच गरिबीचे दोन रोगी, एक धुळ्याचा आणि एक पारोळ्याचा, केवळ शिधापत्रिकेवरील जिल्ह्याच्या नांवामुळें निराळे ठरले. तथापि एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. या योजनेंत तपासणीचे कागद संगणकाद्वारें विमा कंपनीकडे जात ते उपचारास मंजुरी मिळावी म्हणून. जुना आजार हा तेथें अपराध नव्हता.

खाजगी विम्यांत नोंदीचें काम पुष्कळदां उलटें होतें. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या रक्तांत पूर्वीं एका तपासणी-शिबिरांत साखर आढळली होती. पुढें हृदयविकाराचा खर्च मागतांच तोच कागद त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला आणि दावा फेटाळला गेला. आतां ते म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, तपासा, पण लिहूं नका.’ आमच्या मतें यांतील खरी हानि पैशाची नव्हे. जी नोंद बरें करण्यासाठीं घ्यावयाची तीच किंमत ठरविण्यास वापरली गेली, म्हणजे रोगी डॉक्टरांशीं खोटें बोलूं लागतो. आणि खोट्या नोंदीवर खरें औषध मिळत नाहीं.

आजार लपवून विमा घेणारा इतर वर्गणीदारांस फसवितो, हा कंपन्यांचा पक्षही खोटा नाहीं. म्हणूनच मर्यादा नियमानें घालावी लागते. २०२४ सालीं नियामक प्राधिकरणानें जुन्या आजारासाठीं थांबावयाचा कमाल काळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. आणि विमा सलग ६० महिने चालू असल्यास, सिद्ध झालेल्या लबाडीवांचून, माहिती लपविल्याच्या कारणावर दावा नाकारतां येणार नाहीं असें ठरविलें. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु प्रत्येकाचा उद्यांचा आजार यंत्रानें आजच ताडतां येऊं लागला, तर निरोग्यास विमा स्वस्त मिळेल आणि ज्यास त्याची गरज आहे त्यास तो मिळणारच नाहीं. एके काळीं वंशावरून माणूस वेगळा काढीत. उद्यां तो रक्ताच्या थेंबावरून काढला जाऊं नये, एवढी जागरूकता आमच्या पिढीस दाखवितां आली तरी पुष्कळ झालें.