मिट्ला कॅफे आणि समोरचा ग्लेन बेल

ऑनसाइटहून परत आलेल्या कुठल्याही मित्रासमोर टाको बेलचं नाव काढून बघा. "छे रे, ते कुठलं खरं मेक्सिकन! टाकोत पिवळं चीज आणि लेट्युस कोण घालतं?" हे लेक्चर ठरलेलं. त्याचं अगदीच चूक नाही. पण ते पिवळं चीज टाको बेलकडे आलं कुठून, हे शोधायला गेलं तर आपण पोचतो एका मेक्सिकन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण 60 मैलांवर सॅन बर्नार्डिनो नावाचं गाव आहे. मॅकडोनाल्ड बंधूंनी 1940 साली आपलं पहिलं रेस्टॉरंट उघडलं ते याच गावात. गावाच्या पश्चिम भागात मेक्सिकन वस्ती होती. सांता फे रेल्वेचे मोठे कारखाने जवळच, आणि तिथे राबणारी बरीचशी माणसं या वस्तीतली. वस्तीच्या मुख्य रस्त्यावर, माउंट व्हर्नन अ‍ॅव्हेन्यूवर, 1937 साली लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी एक छोटी खानावळ काढली. नाव ठेवलं मिट्ला कॅफे. मिट्ला हे दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातलं प्राचीन अवशेषांचं ठिकाण. हाच रस्ता म्हणजे तेव्हाचा प्रसिद्ध रूट 66, त्यामुळे वस्तीतल्या लोकांबरोबर वाटसरूही यायचे.

इथली खासियत म्हणजे कुरकुरीत टाको. मक्याची टॉर्टिया दुमडून तळायची, आत खिमा, वर चेडर चीज, आइसबर्ग लेट्युस आणि टोमॅटो. चेडर आणि आइसबर्ग दोन्ही अमेरिकन दुकानांतला स्वस्त माल. म्हणजे जे आपण 'नकली' म्हणून नाकारतो, ते परक्या देशात मिळेल त्या सामानात घरची चव जमवणाऱ्या लोकांचं जेवण होतं. आता आपल्या वडापावाचंच बघा. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पाव पोर्तुगीजांचा. त्याला कुणी 'ऑथेंटिक नाही' म्हणून तर दाखवा!

बरं, मिट्ला म्हणजे फक्त टाको नव्हे. त्या काळी गावच्या पेरिस हिल पार्कमधल्या पोहण्याच्या तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांना प्रवेश नव्हता. अमेरिकेचे नागरिक असोत, कर भरत असोत, पोरांना दारातूनच परत पाठवायचे. वस्तीतल्या लोकांनी याविरुद्ध लढायचं ठरवलं आणि बैठका भरू लागल्या मिट्लामध्ये. 'एल एस्पेक्तादोर' या वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ आणि इतरांनी महापौर सेकोम्ब आणि नगरपालिकेवर फेडरल कोर्टात केस टाकली. फेब्रुवारी 1944 मध्ये न्यायाधीश यांकविच यांनी निकाल दिला: ही बंदी घटनाबाह्य आहे, तलाव सगळ्यांना खुला करा. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटल्याचा सुप्रसिद्ध निकाल यायला तेव्हा अजून 10 वर्षं होती.

आता येतो ग्लेन बेल. युद्धावरून परतलेल्या या गड्याने 1950 मध्ये मिट्लाच्या समोरच हॅम्बर्गर-हॉटडॉगचा स्टँड टाकला. रोज बघायचा, रांग समोर लागते. मग रात्री आपलं दुकान बंद करून समोर टाको खायला जायचा आणि घरी येऊन तसेच करून बघायचा. आपल्या भाषेत शुद्ध रिव्हर्स इंजिनिअरिंग. ओळख वाढल्यावर मिट्लाच्या मंडळींनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन पद्धतही दाखवली. बेलने पुढे स्वतःची भर घातली ती स्पीडची: कवच आधीच तळून ठेवायचं, गिऱ्हाईक आलं की नुसतं भरून द्यायचं. 1951 च्या सुमारास त्याचा टाको 19 सेंटला विकला जात होता. 1962 मध्ये डाउनी गावात पहिलं टाको बेल उघडलं. 1978 मध्ये पेप्सिकोने कंपनी विकत घेतली तेव्हा 868 रेस्टॉरंट्स होती. 2010 मध्ये टाको बेल बंगळूरच्या मॉलमध्येही येऊन पोचलं.

टाकोचं कडक कवच ही बेलचीच आयडिया, असं अजूनही वाचायला मिळतं. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधल्या हुवेंसिओ माल्दोनादो या मेक्सिकन रेस्टॉरंटवाल्याला असं कवच तळण्याच्या साधनाचं पेटंट 1950 मध्येच मिळालं होतं.

बेलने चोरी केली असं मी म्हणणार नाही. पाककृतीवर कुणाची मालकी नसते, आणि मेहनत त्याने घेतलीच. पण ओपन सोर्समध्येसुद्धा दुसऱ्याचा कोड घेतला की मूळ लेखकाचं नाव फाइलच्या वर ठेवायचं असतं. इथे नेमकी तीच ओळ गळाली. आणि त्या स्वयंपाकघरातून जे बाहेर नेता आलं ते फक्त टाको. ज्या टेबलांभोवती बसून लोकांनी एक तलाव उघडून घेतला, ती टेबलं 868 शाखांपैकी एकाही शाखेत गेली नाहीत.

पुढे फ्रीवे आला आणि रूट 66 ची रहदारी माउंट व्हर्नन सोडून गेली. 1990 च्या दशकात रेल्वेचं कामही गावातून आटलं. 2015 मध्ये डाउनीतली पहिल्या टाको बेलची रिकामी इमारत पाडली जाऊ नये म्हणून कंपनीने ती ट्रकवर चढवून अर्व्हाइनच्या हेडक्वार्टरला नेली. चांगलंच केलं. मिट्ला मात्र कुठेही न्यावं लागलेलं नाही. माउंट व्हर्ननवर ते अजून चालू आहे आणि त्याच कुटुंबाकडे आहे. कुणी लॉस एंजेलिसकडे ऑनसाइट असाल तर एखादा वीकेंड काढा, आणि टाको मागवताना पिवळ्या चीजला नाक मुरडू नका.