फुकट की मुक्त? वेबसाइटच्या सॉफ्टवेअरची पंचवीस वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात होमस्टे चालवणाऱ्या घरांतली आपल्या वयाची मुलं मला, सॉफ्टवेअरवाला म्हणून, एकच गोष्ट विचारतात: "वेबसाइट करूची आसा, फुकटातला खयचा घेव?"

वर्डप्रेस, द्रुपल, जूमला अशी तीन नावं सांगून मोकळं होता येईल. पण ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत का मिळतात, ते कळलं की निवड सोपी होते. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी दोन शब्द वेगळे करू. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे बिनपैशाचं, आणि 'फ्री' म्हणजे स्वतंत्रसुद्धा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ते हा फरक समजावत आलेत. आपल्याकडे दोन शब्द तयारच आहेत. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे कोड वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि ही मुभा नंतर कोणी काढून घेऊ शकत नाही.

आणि सीएमएस म्हणजे काय? मजकूर आणि त्याची मांडणी वेगळी ठेवणारं सॉफ्टवेअर. मजकूर डेटाबेसमध्ये, मांडणी साच्यात. मे महिन्यात खोलीचा दर वाढवायचा तर एका फॉर्ममध्ये आकडा बदलायचा, कोडला हात लावायचा नाही.

आता नुसतं फुकट असलेल्या जागांचं काय झालं ते बघा. जिओसिटीज ही नव्वदच्या दशकातली फुकट वेबसाइटची सगळ्यात मोठी वसाहत. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पानं गेली. जी उरली, ती स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून ठेवली म्हणून.

फार जुनी गोष्ट वाटते? मग २०२४ ची घ्या. गूगल मॅपवर धंदा नोंदवला की गूगल एक छोटी वेबसाइट फुकटात बनवून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की मॅपवरच्या नोंदीकडे जाता यायचं, त्यानंतर तेही नाही. तो पत्ता ज्यांनी पाटीवर, कार्डावर छापला होता, त्यांच्यासाठी तो मेला. गूगलने सूचना दिली होती, फसवणूक काही नव्हती. पण जागा त्यांची होती, त्यामुळे निर्णयही त्यांचा.

मुक्त सॉफ्टवेअरचं वेगळं कसं असतं, ते वर्डप्रेसच्या जन्मकथेत दिसतं. २००१ मध्ये फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिघी यांनी 'बी-टू' नावाचं ब्लॉगिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. परवाना होता जीपीएल, म्हणजे मुक्त. मग मिशेल कित्येक महिने दिसेनासेच झाले आणि काम थांबलं. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या १९ वर्षांच्या मॅट मुलनवेगने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की बी-टूचा कोड घेऊन पुढे न्यावा म्हणतोय. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी खाली प्रतिसाद दिला: खरंच करणार असशील तर मी आहे. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. या दोघांनी परवानगीसाठी मिशेल यांना शोधत बसायची गरज नव्हती, ती परवान्यातच लिहिलेली होती. मिशेलनी पुढे परत येऊन वर्डप्रेसलाच बी-टूचा वारस मानलं.

तेव्हा ब्लॉगलेखकांत दबदबा होता मूव्हेबल टाइपचा. वैयक्तिक वापराला फुकट, पण मुक्त नाही. मे २००४ मध्ये कंपनीने तिसरी आवृत्ती आणताना परवान्याच्या अटी बदलल्या. फुकट आवृत्तीत लेखक एक आणि ब्लॉग तीन, एवढीच मर्यादा. मार्क पिल्ग्रिम या प्रोग्रॅमरला आपल्या सगळ्या साइट्ससाठी ५३५ डॉलर पडणार होते. त्याने तेवढेच पैसे वर्डप्रेसवाल्यांना देणगी म्हणून दिले आणि आपलं बिऱ्हाड तिकडे हलवलं. हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्याने पैसे वाचवले नाहीतच! उद्या पुन्हा कोणी अटी बदलू नयेत, यासाठी त्याने ते मोजले.

जूमलाची कथा आणखी वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीचं 'माम्बो' नावाचं सीएमएस होतं, तेही जीपीएलखाली. ऑगस्ट २००५ मध्ये माम्बोची सूत्रं कोणाच्या हातात असावीत यावरून वाद झाला आणि मुख्य प्रोग्रॅमर एकत्र बाहेर पडले. नाव कंपनीकडे राहिलं, कोड मात्र सोबत नेता आला. सप्टेंबरमध्ये जूमला हजर! स्वाहिली भाषेत 'जुम्ला' म्हणजे सगळे मिळून. मूळ शब्द अरबी. आपल्या जुन्या कागदपत्रांत एकूण बेरजेला 'जुमला' म्हणतात, तो हाच.

मग मराठीत काय झालं? इथे द्रुपल येतं. बेल्जियममधल्या ड्रीस बॉयटार्टने विद्यार्थी असताना २००१ मध्ये ते मुक्त केलं. त्याला साइटचं नाव 'डॉर्प' ठेवायचं होतं, डच भाषेत गाव. टाइप करताना झालं 'ड्रॉप', म्हणजे थेंब, आणि थेंबाच्या डच शब्दावरून पुढे द्रुपल. गाव हुकलं, पण मराठीत त्यावर गावं वसली. मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे, मायबोली. यांच्यावरचा कुठलाही लेख उघडा आणि पत्ता बघा: साइटच्या नावापुढे 'नोड' आणि एक आकडा. ही द्रुपलची खूण. मायबोली तर १९९६ पासूनची, म्हणजे द्रुपलपेक्षा जुनी. साइटने मधे घर बदललं, पण माणसं आणि लेखन टिकलं.

आता दुसरी बाजू. मुक्त म्हणजे कायमचं बिनकामाचं नव्हे. द्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्यानंतर त्यात सुरक्षेचं भोक सापडलं, तर मूळ गटाकडून दुरुस्ती येणार नाही. आणि द्रुपल ८ पासून आतली रचना इतकी बदलली होती, की नुसतं अपडेटचं बटण दाबून तिथे जाता येत नाही, स्थलांतरच करावं लागतं. अशा वेळी मराठी साइट चालवणारी माणसं हे काम नोकरी सांभाळून रात्री करतात. रापणीचं जाळं सगळ्यांचं असतं, पण ओढायला आणि तुणायला हात लागतातच.

वर्डप्रेसलाही धक्के बसलेत. २०२४ च्या सप्टेंबरात मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जाहीर भांडण पेटलं. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं लोकप्रिय प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातल्या त्याच जागी दुसऱ्या नावाने आलं. परवान्याने तसं करता येतं. पण लोकांच्या लक्षात आलं, की कोड मुक्त असला तरी अपडेट ज्या दारातून येतात, त्या दाराची चावी कोणाकडे आहे तेही महत्त्वाचं.

तर, खयचा घेव?

तीन-चार खोल्यांच्या होमस्टेला वर्डप्रेस पुरतं. जगातल्या दर पाच वेबसाइट्समागे दोन त्यावर आहेत, त्यामुळे अडलात तर कुडाळ-सावंतवाडीतही माहितगार भेटेल. मात्र वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही भाड्याची जागा. दोन्ही एकच समजू नका. शेकडो सदस्य, वेगवेगळे अधिकार, मोठा संग्रह असं काही उभं करायचं असेल, तर द्रुपलचा विचार करा, पण सांभाळणारा माणूस आधी शोधा.

काहीही घ्या, तीन गोष्टी तपासा. डोमेन तुमच्याच नावावर आहे ना? करून देणाऱ्याच्या नावावर नको. सगळा मजकूर आणि फोटो बाहेर काढता येतात का? आणि काढलेला बॅकअप दुसरीकडे उघडून मराठी नीट दिसतं का? डेटाबेसची अक्षरपद्धती चुकली, तर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि तोवर मूळ साइट गेलेली असू शकते. ही तपासणी पावसाळ्यात करा. होमस्टे तेव्हा रिकामे असतात, हाताशी वेळही असतो.